पडदा काळा पडला तर

मंडळी, आज गावातली पुष्कळ कामे संगणकावर होतात. ग्रामपंचायतीचा दाखला, सोसायटीचे कर्ज, दूध संस्थेचे बिल, सारे त्याच्यावर. तो चालू असला म्हणजे कुणी त्याच्याकडे बघत नाही. तो अडला की सारे अडतात.

समजा, दूध संस्थेत दहा दिवसांच्या बिलाचा दिवस आहे. दारात सभासदांची रांग लागली आहे. सचिवांनी संगणक सुरू केला. पासवर्ड टाकला. संगणकाने तो घेतला. आणि पडदा काळा पडला! काळ्या पडद्यावर माउसचा बाण तेवढा हलतो आहे.

रांगेतले एक आजोबा म्हणतात, "गेलं! समद्यांचा हिशेब गेला!" दुसरा कुणी म्हणतो, "आण्णा, तालुक्याला न्या अन् फॉर्मॅट मारून आणा."

थांबा. पडदा काळा पडला म्हणजे हिशेब गेला, असे नाही. पण घाईने फॉर्मॅट मारले, तर मात्र तो जाईल. म्हणून आपण आधी नीट विचार करू.

काय बिघडले नाही?

पासवर्ड टाकायची चौकट दिसली होती. म्हणजे वीज येते आहे. पडद्याची वायरही ठीक असावी. संगणकात डिस्क असते. ती म्हणजे त्याचे कपाट. हिशेब त्यातच राहतो. संगणक सुरू होतो तोही त्याच कपाटातून वाचून. म्हणजे कपाट उघडते आहे.

मग अडले कुठे? आम्ही येथे विंडोजच्या संगणकाविषयी सांगत आहोत. पासवर्ड पटला की विंडोज 'एक्सप्लोरर' नावाच्या प्रोग्रामला बोलावते. पडद्यावरची लहान लहान चित्रे आणि खालची पट्टी तोच मांडतो. १९९५ साली विंडोज ९५ आले, तेव्हापासून ही रीत आहे.

लग्नाच्या पंगतीचे पाहा. पाने मांडली. मंडळी बसली. आत स्वयंपाक तयार आहे. पण वाढपी आला नाही. मग पाने रिकामीच दिसणार! म्हणून स्वयंपाक झालाच नाही, असे कुणी म्हणेल का? एक्सप्लोरर हा वाढपी आहे. हिशेब हा स्वयंपाक आहे.

उपाय कसे करावे?

ज्याने काही बिघडत नाही, तो उपाय आधी करावा. मोठा उपाय शेवटी करावा.

१. थोडे थांबावे. कधी कधी विंडोज स्वतःची दुरुस्ती करीत असते. त्याला अपडेट म्हणतात. तेव्हाही पडदा काळा राहतो. पेटीवरचा लहान दिवा लुकलुकत असेल, तर काम चालू आहे असे समजावे. पंधरा मिनिटे वाट पाहावी. मध्येच वायर उपटू नये.

२. जादा वायरी काढाव्या. काल सभेसाठी प्रोजेक्टर लावला होता का? मग चित्र तिकडे गेले असेल. प्रोजेक्टर, प्रिंटर, पेन ड्राइव्ह यांच्या जोडण्या काढाव्या. की-बोर्ड, माउस व पडदा तेवढे ठेवावे.

३. चार कळा दाबाव्या. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबाव्या. पडदा क्षणभर मिचकतो. कधी 'टुक्' असा आवाज येतो. चित्र काढणारा भाग अडखळला असेल, तर तो पुन्हा सुरू होतो. याने हिशेबाला धक्का लागत नाही.

४. वाढप्याला हाक मारावी. कंट्रोल, आल्ट आणि डिलीट या तीन कळा एकदम दाबाव्या. ही युक्ती आय.बी.एम. कंपनीचे इंजिनियर डेव्हिड ब्रॅडली यांची. त्या कंपनीचा पीसी १९८१ साली बाजारात आला. या कळा चुकून एका हाताने दाबल्या जाऊ नयेत, म्हणून त्यांनी त्या दूरदूरच्या निवडल्या.

आता पडद्यावर काही ओळी येतील. त्यांत 'टास्क मॅनेजर' निवडावे. मग 'रन न्यू टास्क' निवडावे. ते वर दिसेल, किंवा 'फाइल' या शब्दाखाली सापडेल. एक चौकट उघडेल. तीत ई, एक्स, पी, एल, ओ, आर, ई, आर ही इंग्रजी अक्षरे टाकावी आणि एंटर दाबावे. पुष्कळदा चित्रे व पट्टी लगेच परत येतात. इंग्रजी अक्षरे वाचता येत नसतील, तर शाळेत जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला जवळ बसवावे. त्यात लाज कसली?

५. संगणक पुन्हा सुरू करावा. वरच्या तीन कळांनी जो पडदा येतो, त्याच्या खाली उजव्या कोपऱ्यात बटणाचे चित्र असते. तेथून 'रीस्टार्ट' करावे. काहीच हलत नसेल, तरच पेटीचे बटण दहा सेकंद दाबून धरावे. मग संगणक बंद होतो.

६. जाणत्याला बोलवावे. 'सेफ मोड' नावाचा एक मार्ग आहे. त्यात संगणक अगदी गरजेपुरते सामान घेऊन सुरू होतो. तेथे पडदा नीट दिसला, तर नवे घातलेले काहीतरी बाधते आहे, असा तर्क निघतो. हे काम जाणत्यानेच करावे.

फॉर्मॅट म्हणजे काय?

फॉर्मॅट म्हणजे कपाट रिकामे करून नव्याने लावणे. वाढपी आला नाही, म्हणून कुणी स्वयंपाकाची भांडी उपडी करीत नाही. दुरुस्तीवाल्याला स्पष्ट सांगावे, "दादा, आधी आमचा हिशेब दुसरीकडे उतरवून घ्या. तो आम्हांला उघडून दाखवा. मग पुढचं काम करा." डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. डिस्क चांगली असेल, तर हिशेब तेथे उतरवता येतो. असे सांगणे हा भांडखोरपणा नाही. तो आपला हक्क आहे.

सातबाऱ्याची काळजी नको. त्याची नोंद सरकारच्या संगणकात असते. २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. गावातला संगणक बिघडला, म्हणून जमीन कागदावरून जात नाही. पण संस्थेचा हिशेब त्या एकाच संगणकात असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणून रोज संध्याकाळी त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. पेन ड्राइव्ह काढून कुलपात ठेवावा. संगणकालाच लावून ठेवला, तर एका दुखण्यात दोन्ही जातील.

आणि वही टाकून देऊ नये. संगणक अडला, तरी म्हैस दूध द्यायची थांबत नाही. त्या दिवशी दूध वहीत मांडावे. आपल्याला आता लिहिता येते, वाचता येते. सभासदाने आपल्या नावापुढचा आकडा स्वतः वाचून पाहावा. मग घरी जावे.

शब्दांचे अर्थ

पासवर्ड – परवलीचा शब्द
डिस्क – संगणकाचे कपाट
अपडेट – विंडोजची दुरुस्ती व सुधारणा
प्रत – नक्कल

प्रश्न

१. पडदा काळा पडला, तरी हिशेब गेला असे का समजू नये?
२. आधी कोणते उपाय करावे? का?
३. फॉर्मॅट करण्याआधी दुरुस्तीवाल्याला काय सांगावे?
४. तुमच्या संस्थेच्या हिशेबाची दुसरी प्रत कोठे आहे? उद्या जाऊन विचारा.