गर्दचे व्यसन : घरच्यांनी काय करावे



या सदरात आम्ही लागण, खोडवा, खतांविषयी लिहितो. या खेपेस विषय निराळा आहे. गटात फिरताना आता दारूबरोबर गर्दचीही कुजबूज कानावर येते.

गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, अफूपासून बनते. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले, ते याच गर्दमुळे. पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक मदत केली. तिथली एक रीत घेण्याजोगी आहे : व्यसनातून सुटलेला माणूसच नव्याला धीर देतो.

आपल्याकडे मात्र पोराला खोलीत कोंडतात. गर्द तुटली की अंग मोडते, नाक-डोळे गळतात, जुलाब होतात, झोप उडते. हे ढोंग नव्हे. औषधांनी आटोक्यात येते. आणि नीट ध्यानात घ्या, काही दिवस बंद ठेवून पुन्हा पहिल्याइतकीच मात्रा घेतली, तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. कोंडून सोडलेल्या पोराला हाच धोका जास्त.

म्हणून तो "येतो" म्हणाला की त्याच दिवशी निघा. एकट्याला एस.टी.त बसवू नका, मध्येच उतरेल. भावकीतला एखादा जाणता, ज्याचे तो ऐकतो, बरोबर घ्या. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा, नाहीतर १४४४६ या मोफत क्रमांकावर विचारा. "नाही" म्हणाला तर आठ दिवसांनी पुन्हा जा. हुमणीसाठी आपण एकदाच शेत बघून थांबतो काय?