ओठ शिवल्यानंतर

चि. मुक्तास मामाचे अनेक आशीर्वाद.

डॉ. शरदकुमार दीक्षित हे महाराष्ट्रातून अमेरिकेत जाऊन स्थिरावलेले प्लास्टिक सर्जन. १९६८ साली त्यांनी ‘इंडिया प्रोजेक्ट’ सुरू केला आणि पुढे वर्षानुवर्षे ते भारतात येऊन शिबिरांत मोफत शस्त्रक्रिया करत राहिले. दुभंगलेले ओठ, लोंबलेल्या पापण्या, चेहऱ्यावरचे व्रण घेऊन येणारी ही मुले अशा घरांतली, जिथे ऑपरेशन म्हटले की आधी दागिना नाहीतर जमिनीचा तुकडा डोळ्यांपुढे येतो. १९७८ मध्ये मोटार अपघातात दीक्षितांचे अंग लुळे पडले. पुढे स्वरयंत्राचा कर्करोग झाला, हृदयविकाराचे झटके आले. तरी चाकांच्या खुर्चीत बसून हा माणूस टेबलाशी येत राहिला. पुण्यात भारतीय जैन संघटनेने त्यांची शिबिरे भरवली. २००१ मध्ये पद्मश्री मिळाली, २०११ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ते वारले.

मुक्ताला हे सारे तोंडपाठ आहे. बारावीच्या सुट्टीत दीक्षितांवरचे कात्रण तिच्या हातात ठेवणारा मामाच होता. तेव्हा आज जे कानावर आले त्याचा थोडा दोष त्या कात्रणाकडेही जातो. तिच्या आईच्या, आक्काच्या सांगण्यानुसार मुक्ताने मेडिकल कॉलेजातली सर्जनची नोकरी सोडायचे ठरवले आहे, राजीनामा लिहून तयार आहे, आणि दिवाळीनंतर ती एका फिरत्या शिबिराच्या पथकाबरोबर निघणार आहे. शिबिराचे पत्रकही आक्काने व्हॉट्सॲपवर पाठवले. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘तीन दिवसांत शंभर शस्त्रक्रिया’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘ओठ व टाळू’. आक्का नोकरीसाठी रडते आहे. मामाला नोकरीचे सोयरसुतक नाही, त्याची झोप उडवली ती बारीक अक्षरांतल्या टाळूने. मामा रागावला की केस पेपरच्या भाषेत लिहितो हे घरात सर्वांना ठाऊक आहे. पुढचे सारे त्याच भाषेत.

साधारण सातशे जन्मांमागे एक मूल ओठ, टाळू किंवा दोन्ही दुभंगलेले घेऊन येते. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला, त्या काळी देशात असे विभाग जवळजवळ नव्हतेच. त्यांनी केलेल्या वर्गीकरणाला आजही नागपूरचेच नाव आहे : पहिल्या गटात नुसता ओठ, दुसऱ्यात नुसती टाळू, तिसऱ्यात ओठापासून हिरडीतून टाळूपर्यंत गेलेली फट.  आता कोणी हे गट परीक्षेपुरते पाठ करते, पण खरे तर त्यात मुलाचे पुढचे आयुष्य लिहिलेले असते. पहिल्या गटाच्या मुलाला सर्जन एकदा भेटला तरी बरेच काही साधते. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाच्या मुलाला तो वाढ पुरी होईपर्यंत भेटत राहावा लागतो.

ओठाची शस्त्रक्रिया तिसऱ्या महिन्याच्या सुमारास होते. जुना दहाचा नियम अजून चालतो : दहा आठवडे वय, दहा पौंड वजन, दहा ग्रॅम हिमोग्लोबिन. सर्जन राल्फ मिलार्ड यांनी कोरियात असताना बसवलेली, एक पाळ फिरवून दुसरी पुढे सरकवण्याची पद्धत १९५५ पासून जगभर गेली आणि तिच्यात फेरफार करून अजून हजारो हात तीच करतात. संध्याकाळी आईच्या मांडीवर मूल ठेवले की ती ओठाकडे बघते, मग सर्जनकडे, मग पुन्हा ओठाकडे. शिबिराचा फोटोही तेव्हाच निघतो. हा आनंद खोटा नाही. ज्या बाईला ‘ग्रहणात भाजी चिरलीस’ म्हणून सासरी ऐकवले गेले, तिला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कोणी गुन्हेगार धरत नाही. ओठाच्या शिबिरांना मामाचा विरोध कधीच नव्हता. दीक्षितांचे मोठेपणही तिथलेच.

टाळूचे तसे नाही. तिथे फट शिवणे हे निम्मे काम. मऊ टाळू वर उचलणारा स्नायू या मुलांत कडक टाळूच्या मागच्या कडेला चुकीच्या जागी चिकटलेला असतो. तो सोडवून, मागे नेऊन, दोन्ही बाजूंचा एकमेकांना जोडून त्याची झोळी करावी लागते. हे काम नऊ महिने ते दीड वर्ष या वयात व्हावे, कारण मूल बोलायला लागले की उशीर होतो. टाळू वर जाऊन नाकाची वाट बंद करत नसेल तर हवा नाकातून निसटते आणि ‘बाबा’ म्हणायला गेलेले मूल ‘मामा’ म्हणते. आईबापांना आधी हसू येते. पुढे तेच मूल प, ट, क यांच्या जागी घशातच अडवलेले भलतेच आवाज काढायला शिकते. सवय एकदा पडली की नंतर टाळू कितीही चांगली शिवा, स्पीच थेरपीशिवाय बोलणे सुधारत नाही. कानाच्या नळीचे स्नायूही त्याच टाळूचे, म्हणून कानात पाणी साचून ऐकू कमी येते, आणि ऐकू कमी आले की बोलणे आणखी बिघडते. नऊ-दहा वर्षांच्या सुमारास सुळा येण्यापूर्वी हिरडीत हाड भरावे लागते. दात सरळ करावे लागतात. काहींच्या वरच्या जबड्याची वाढ मागे राहते, त्याचा हिशेब सतरा-अठराव्या वर्षी.

म्हणजे पत्रकातली टाळू ही अठरा वर्षांची गोष्ट आहे, आणि पथक चौथ्या दिवशी पुढच्या तालुक्याला जाणार आहे. टाळूला भोक राहिले तर कोण बघणार? शिवण उसवते ती आठ-दहा दिवसांत, पथकाचा ट्रक गेल्यानंतर. दुसऱ्या खेपेला त्याच टाळूत व्रण झालेला असतो, कातडे सरकत नाही, आणि पहिल्या सर्जनला एका तासात जमले असते ते दुसऱ्याला तीन तासांत अर्धे जमते. स्पीच थेरपिस्ट कोण? नेमका कोणत्या गावात? पत्रकात आयोजकांची बावीस नावे आहेत, त्यात एकही स्पीच थेरपिस्ट नाही.

बेशुद्धीच्या बाजूनेही दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण तो मामाचा प्रांत. टाळूच्या शस्त्रक्रियेत तोंड उघडे राहावे म्हणून गॅग लावतात. गॅगचे पाते जीभ दाबते आणि खालच्या ओठाच्या मध्यावरून आत गेलेली श्वासनलिकेतली नळी त्या पात्याखाली चिमटली जाऊ शकते. त्या क्षणी भूलतज्ज्ञाच्या हातातली पिशवी कडक लागते. मॉनिटरचा आकडा नंतर घसरतो, हाताला आधी कळते. घशात रक्त जाऊ नये म्हणून गॉजचा पॅक ठेवतात. तो ठेवला आणि काढला हे दोन्ही वेळा मोठ्याने म्हणायचे आणि फळ्यावर लिहायचे. ऐंशीव्या केसला, रात्री नऊ वाजता, हात सराईत झालेले असतात आणि तोंड थकलेले, तेव्हा हे म्हणायचे राहते. नंतरच्या रात्री टाळूतून रक्त झिरपते, ते लेकरू गिळत राहते. बाजूला शिकलेली परिचारिका जागी नसेल तर ते पहाटे उलटीतच दिसते. शिवाय सर्दी झालेले मूल. आईबाप मजुरी बुडवून, एसटी बदलत आलेले, शिबिराचा शेवटचा दिवस, मुलाचे नाक वाहते आहे. कॉलेजात मुक्ता त्याला पंधरा दिवसांनी बोलावेल. मंडपात ती नाही म्हणू शकेल का, की बावीस आयोजकांपैकी कोणीतरी माईकवरून आधीच नाव पुकारलेले असेल?

मामा हे बाहेरून बोलत नाही. त्याला नागपूरला प्लास्टिक सर्जरी करायला जायचे होते. पण आक्काचे लग्न ठरले होते, आणि भूलशास्त्राचा डिप्लोमा करून लगेच पगार सुरू होत होता. त्याचे त्याला दुःख असलेच तर ते जुने झाले. पण टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला उभे राहून त्याने अनेक शिबिरे पाहिली, दुसऱ्यांच्या हातांतून ते काम केले, आणि प्रत्येक मुलाची नोंद आपल्या वह्यांत ठेवली : वजन, ॲट्रोपिनचा डोस, नळीचा नंबर, मिनिटे. वह्या अजून कपाटात आहेत. त्यात गावाच्या नावाचा रकानाच नाही. गेल्या पावसाळ्यात एक वही काढून तो बसला होता. एका पानावर ‘मुलगी, ११ किलो, टाळू, खोकला होता, तरी घेतली’ असे लिहिले आहे. ती मुलगी आज तिशीची असेल. ती कशी बोलते, हे शोधायला त्या वहीत एकही धागा नाही. मुक्ताच्या हातून अशा वह्या भरू नयेत म्हणून एवढे लांबण.

रागाचा भाग इथे संपतो.

फिरते पथक की स्थानिक रुग्णालय, हा वाद धर्मादाय शस्त्रक्रियेच्या जगातही जुनाच आहे. १९८२ मध्ये सुरू झालेल्या ऑपरेशन स्माइलने परदेशी पथके पाठवून काम उभे केले. १९९९ मध्ये निघालेल्या स्माइल ट्रेनने मुख्य भर स्थानिक सर्जन आणि स्थानिक रुग्णालयांवर ठेवला, कारण तिथला डॉक्टर सोमवारीही तिथेच असतो. दुभंगलेल्या ओठाच्या मुलीवरच्या ‘स्माइल पिंकी’ माहितीपटाला २००९ मध्ये ऑस्कर मिळाले तेव्हा सगळ्यांना पिंकीचा चेहरा आठवला. वाराणसीच्या त्या माहितीपटात मामाला मात्र गावोगाव फिरून मुले शोधणारा, आईबापांशी बोलून त्यांना तयार करणारा सामाजिक कार्यकर्ता जास्त आवडला. शस्त्रक्रियेचे दृश्य त्या मानाने छोटे आहे, आणि प्रमाण बरोबर आहे.

केरळात त्रिशूरच्या ज्युबिली मिशन रुग्णालयात डॉ. एच. एस. अदेनवाला १९५९ साली गेले. मुंबईचे डॉ. चार्ल्स पिंटो हे त्यांचे गुरू, आणि तिथल्या ओठ-टाळू केंद्राला त्यांनी गुरूचेच नाव दिले. पुढची अनेक दशके ते तिथेच काम करत राहिले; २०२० मध्ये ते वारले. बालपणी टाळू शिवलेली मुले मोठी होऊन, लग्न होऊन, आपापली लेकरे घेऊन त्याच दारी येणे हे ज्या सर्जनच्या वाट्याला येते त्याला आपले काम खरोखर दिसते. दीक्षित आणि अदेनवाला यांत कोण मोठा, हा प्रश्न मामाने कधी घातला नाही आणि मुक्तानेही घालू नये. एकाच्या वाट्याला ओठ जास्त आले, दुसऱ्याच्या वाट्याला टाळू. दीक्षितांनीही त्याच त्या शहरांत पुन्हा पुन्हा येण्याची रीत ठेवली होती, हे कात्रणात होते. मुक्ताच्या तेवढेच लक्षात राहिले नसावे.

तेव्हा पथकाबरोबर जायचेच असेल तर जावे, ओठ करावेत. टाळूच्या मुलांची नावे, गाव, फोन, जवळचा एसटी थांबा लिहून घ्यावा आणि त्यांना आपल्याच कॉलेजात बोलवावे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत मुले तपासतात, त्यांच्या यादीत दुभंगलेला ओठ आणि टाळू आहे, पुढच्या उपचाराची सोयही आहे. कॉलेजातली खुर्ची सोडली तर ही मुले बोलवायची कुठे, याचे उत्तर आधी लिहून काढावे. मग राजीनामा टाकायचा तर टाकावा. मामा आक्काची समजूत काढील.

आणखी एक. टाळू फाटलेले तान्हे अंगावर नीट पिऊ शकत नाही, दूध नाकातून येते, वजन वाढत नाही आणि दहाचा नियम पुरा होता होत नाही. त्या आयांना बाळ उभे धरून, बोंडल्याने किंवा चमच्याने, गालाच्या बाजूने, थेंब थेंब, मध्ये ढेकर काढत दूध कसे पाजायचे हे शांतपणे बसून दाखवणारे कोणी शिबिरांत नसते. तीस मिनिटे लागतात आणि त्यात फोटो काढण्यासारखे काही नसते. मामाचे हात आता नळी घालायला थरथरतात, पण बोंडले धरायला चालतात. दिवाळीनंतर पथकाच्या गाडीत एक जागा असेल तर कळवावे. मामीने मोडक्या गुडघ्यांवरून बोलून घेतले आहे, परवानगी मिळालेली आहे.

मुक्ता ऑपरेशन थिएटरमध्ये असली की सकाळचा डबा संध्याकाळी उघडते, असे आक्का सांगत होती. तसे करू नये. दोन केसच्या मध्ये काहीतरी खावे. मोजे उबदार घालावेत, जमिनीच्या गारव्याने तिला लहानपणापासून खोकला होतो. राजीनाम्याचा कागद अजून टेबलाच्या खणात असेल तर तो मामाला एकदा वाचायला पाठवावा, शुद्धलेखन तपासून परत करतो.

कळावे, लोभ आहेच.

मामा