वरणाचं पाणी की दाट वरण-भात?

प्रश्न: बाळाला सहा महिने पूर्ण झाले. सासूबाई वरणाचं पाणी द्यायला सांगतात. घट्ट दिलं तर घशात अडकेल का?

उत्तर: दाटच द्या. या वयात बाळाच्या पोटात एका वेळी वजनाच्या किलोमागे साधारण ३० मिलिलिटर मावतं. सात किलोच्या बाळाला जेमतेम एक वाटी. ती जागा पाण्यानेच भरली, तर आईच्या दुधाव्यतिरिक्त रोज लागणाऱ्या सुमारे २०० कॅलरी येणार कुठून? शिवाय जन्मतः मिळालेला लोहाचा साठाही आता ओसरत आलेला असतो, आणि डाळीतलं बहुतेक सत्त्व गाळातच राहतं. म्हणून गुरगुट्या वरण-भात तूप घालून कुस्करा, चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतका. पुढे अंडं, मासेही द्या. अडकण्याची भीती रास्त आहे, पण पातळ करणं हा त्यावरचा उपाय नव्हे. ताठ बसवून, समोर बसून भरवणं हा आहे. ओकारीसारखी उबळ येऊन बाळ खोकलं, तर घसा आपलं काम करतो आहे. आवाजच फुटेनासा झाला, तर मात्र तातडीने मदत हवी. आठव्या महिन्यापासून बोटांत सहज चुरडेल असा उकडलेल्या गाजराचा लांबट तुकडा हातात द्या. अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं नकोत. मध तर वर्षाच्या आत मुळीच नको.