चंद्रावर नेणारा जादूगार

जत्रेच्या तंबूत म्हणा, शहरात म्हणा, सिनेमा तुम्ही पाहिला असेल. पडद्यावर माणसे चालतात, पळतात. पण गंमत अशी की, त्यातले एकही चित्र हलत नसते! फिल्म म्हणजे एक लांब पट्टी. तिच्यावर ओळीने फोटो असतात. दर फोटोत थोडा थोडा फरक. ते भराभर पडद्यावर पडले की आपल्या डोळ्यांना माणूस चालतोसा वाटतो.

फ्रान्स देशातल्या ल्यूमिएर बंधूंनी असे एक यंत्र तयार केले. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिस शहरात त्यांनी तिकीट लावून खेळ केला. कारखाना सुटतो, कामगार बाहेर पडतात, एवढेच एका चित्रात होते. तरी लोक थक्क झाले. ७ जुलै १८९६ ला त्यांचा खेळ मुंबईतही झाला.

पॅरिसचा खेळ जॉर्ज मेलिएस नावाच्या जादूगाराने पाहिला. त्याच्या बापाचा बुटांचा कारखाना होता. पण मेलिएसचे मन रमले जादूत. त्याने ते यंत्र विकत मागितले. मालक नाही म्हणाले. मग त्याने इंग्लंडातून दुसरे यंत्र मिळवले. पॅरिसजवळ काचेची इमारत बांधली. उन्हाच्या उजेडात तिथे तो चित्रे घेई.

त्याची एक युक्ती पाहा. कॅमेरा थांबवायचा. समोरच्या माणसाने बाजूला व्हायचे. कॅमेरा पुन्हा चालू करायचा. पडद्यावर माणूस एकदम गडप!

१९०२ साली त्याने 'चंद्राची सफर' हे चित्र काढले. माणसे तोफेच्या गोळ्यात बसून चंद्रावर जातात. गोळा थेट चंद्राच्या डोळ्यात रुततो! चित्राला आवाज नव्हता. अशा चित्राला मूकपट म्हणतात.

चित्र गाजले. पण अमेरिकेत काहींनी त्याच्या चोरून नकला काढल्या. पैसा त्यांनी केला. घाम मेलिएसचा, कमाई दुसऱ्याची! पुढे मोठ्या कंपन्या आल्या. मेलिएस कर्जात बुडाला. १९१३ च्या सुमारास त्याचे काम थांबले. महायुद्धात सैन्याने त्याच्या पुष्कळ फिल्म वितळवल्या. त्या मालातून बुटांच्या टाचा केल्या, असे सांगतात. १९२३ साली हताश होऊन त्याने घरच्या मूळ फिल्म स्वतःच जाळल्या. मग तो पॅरिसच्या रेल्वे स्टेशनात खेळणी विकू लागला.

पुढे लोकांना त्याची आठवण झाली. १९३१ साली त्याला मोठा सरकारी सन्मान मिळाला. १९३८ साली तो वारला.

त्याने पाचशेच्या वर चित्रे काढली. त्यांतली बरीच आज उरली नाहीत. उरली ती मुख्यतः दूरदूरच्या लोकांकडे गेलेल्या प्रतींमुळे. घरातले जळाले. चार ठिकाणी गेलेले वाचले. आपल्या गावची गाणी, कहाण्या, जुनी माहिती एकट्याच्या तोंडी किंवा एकाच पेटीत राहू देऊ नका. आता तुम्हाला लिहिता येते. लिहून काढा, आणि चौघांना द्या.

प्रश्न
१. पडद्यावरचा माणूस गडप कसा होतो?
२. मेलिएसची काही चित्रे कशामुळे वाचली?
३. तुमच्या गावची कोणती गोष्ट तुम्ही लिहून ठेवाल?