पाठीराखा

फ्रान्स देशात दर वर्षी उन्हाळ्यात सायकलींची एक मोठी शर्यत भरते. तिचे नाव ‘तूर द फ्रान्स’, म्हणजे फ्रान्सची प्रदक्षिणा. १९०३ साली ती सुरू झाली. ती सुमारे तीन आठवडे चालते. विजेता म्हणून एकाचेच नाव झळकते. परंतु तो एकट्याच्या बळावर जिंकत नाही. त्याचे सोबती पुढे राहून वारा आपल्या अंगावर घेतात, कारण पुढच्या स्वाराच्या आडोशाने जाणाऱ्याचे श्रम पुष्कळ वाचतात. ते त्याला पाणी आणून देतात आणि प्रसंगी आपली सायकलही त्याच्या स्वाधीन करतात. अशा सोबत्याला फ्रेंच भाषेत ‘दोमेस्तीक’, म्हणजे घरगडी, म्हणतात. १९११ साली शर्यतीच्या संचालकांनी एका स्वाराला हिणवण्यासाठी हा शब्द वापरला होता. त्याच शब्दाला पुढे ज्यांच्यामुळे मान मिळाला, त्यांत रने व्हिएतो अग्रगण्य होता.

व्हिएतो हा दक्षिण फ्रान्समधील गरीब घरचा मुलगा. कान शहरातील एका हॉटेलात त्याने नोकरी केली होती. १९३४ साली वयाच्या विसाव्या वर्षी फ्रान्सच्या राष्ट्रीय संघात त्याची निवड झाली. संघाचा नायक होता आंतोनँ मान्ये. १९३१ ची शर्यत त्याने जिंकलेली होती. आल्प्स पर्वताच्या चढणींवर व्हिएतोने सर्वांना चकित केले. त्या प्रदेशातील तीन टप्पे त्याने जिंकले. त्यांतला एक तर त्याच्याच कान शहरी संपला. तथापि एकूण गणतीत मान्ये सर्वांच्या पुढे होता आणि इटलीचा मार्तानो त्याच्या पाठीवर होता.

पुढे पिरेनीज पर्वत आला. पंधराव्या टप्प्यात घाट उतरताना मान्ये पडला आणि त्याचे चाक निकामी झाले. दुरुस्तीची मालमोटार फार मागे होती. तिची वाट पाहावी, तर मार्तानो निसटून जाणार! व्हिएतोने आपल्या सायकलीचे पुढचे चाक काढून नायकाला दिले. मान्ये निघून गेला. एकचाकी सायकल जवळ ठेवून व्हिएतो रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर बसला. एकामागून एक स्वार त्याच्यासमोरून पुढे जात होते आणि त्याच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते. त्या क्षणाचे छायाचित्र फ्रान्सभर गाजले.

दुसऱ्या दिवशी दैवाने पुन्हा परीक्षा पाहिली. व्हिएतो पुढे होता. मागे नायकाची सायकल मोडल्याचे त्याला कळले. कालचे अश्रू अजून ताजे होते. तरीही त्याने सायकल वळवली आणि उतरलेला घाट तो पुन्हा चढू लागला. या वेळीही त्याच्याच सायकलीमुळे मान्येचा मार्ग मोकळा झाला. दोन टप्प्यांनंतर व्हिएतोने आपला चौथा टप्पा जिंकला.

मान्ये विजयी झाला. व्हिएतो पाचवा आला. घाटांचा राजा हा मान मात्र त्याने मिळवला. चाक दिले नसते तर तोच जिंकला असता, असे पुष्कळजण म्हणत. हे खरे मानणे कठीण आहे, कारण अखेरीस तो ५९ मिनिटे मागे होता. परंतु त्यागाचे मोल घड्याळाने ठरत नाही. त्याला दुःख झाले नाही असे नव्हे. दुःख होत असतानाही त्याने कर्तव्य केले.

पुढे व्हिएतो स्वतः नायक झाला. १९३९ साली तो दुसरा आला. १९४७ साली त्याने अनेक दिवस आघाडी राखली. पण शेवटी १३९ किलोमीटरांचा एक टप्पा प्रत्येकाने एकट्याने पार करायचा होता. तेथे कोणी कोणाला आडोसा देऊ शकत नव्हते. त्या टप्प्यात त्याची आघाडी गेली. ही शर्यत त्याला कधीच जिंकता आली नाही. १९८८ साली तो वारला. कित्येक विजेत्यांची नावे लोक विसरले. कठड्यावर बसलेला तो तरुण मात्र त्यांच्या स्मरणात राहिला.

स्वाध्याय
१. ‘दोमेस्तीक’ स्वाराची कामे कोणती?
२. व्हिएतो परत घाट का चढला?
३. ‘त्यागाचे मोल घड्याळाने ठरत नाही’ हे वाक्य स्पष्ट करा.