लेकराचे दुखणे आणि आईबापांची रोजी



एखाद्या मुलाला कर्करोग झाल्याचे कळले की आपण विचारतो, "बरे होईल ना?" प्रश्न योग्यच आहे. परंतु "तुमच्या कामाचे काय?" हे आपण आईबापांना क्वचितच विचारतो. या पाठात त्याचा विचार करू. कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा या दुसऱ्यावर अवलंबून असते.

1. दुखणे लांबते.
मुलांमध्ये सर्वांत अधिक आढळतो तो रक्ताचा कर्करोग. त्याच्या नेहमीच्या प्रकारावर उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. पहिले महिने कडक औषधांचे असतात. तेव्हा अंगातील प्रतिकारशक्ती खालावते, आणि ताप आला तर अपरात्रीही रुग्णालय गाठावे लागते. म्हणून इंदूरहून वा बेळगावहून मुंबईस आलेल्या कुटुंबाला लगेच गावी परतता येत नाही.

2. घर दुभंगते.
आई मुलापाशी, बाप कामावर, बाकीची भावंडे आजीकडे, असे बहुधा होते. केंद्र सरकारच्या नोकरीतील आईला साऱ्या सेवेत मिळून 730 दिवसांपर्यंत बालसंगोपन रजा मिळू शकते. धुणीभांडी करणाऱ्या किंवा शेतावर राबणाऱ्या आईचा मात्र खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी गेली.

3. सोयी आहेत, तरी उणीव राहते.
आयुष्मान भारत योजनेत (2018) पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला व त्याच्या सोबत्याला रेल्वेभाड्यात सवलत आहे. मुंबईत 2006 साली सुरू झालेल्या सेंट ज्यूड केंद्रांत मूल व आईबाप यांची राहण्याची मोफत सोय होते. पण बुडालेली मजुरी यांतून सहसा भरून येत नाही.

4. खरा धोका येथे आहे.
काही महिन्यांनी मूल खेळू लागते, केस पुन्हा येतात. इकडे कर्ज वाढलेले, मालक तगादा लावतो. "आता बरे झाले" असे म्हणून आईबाप उपचार सोडतात. परंतु दिसत नसलेला रोग शरीरात दडून असू शकतो, आणि तो उलटला की आवरणे फार कठीण जाते. संपन्न देशांत शंभरांतील 80 हून अधिक मुले बरी होतात. गरीब देशांत पुष्कळच कमी. उशिरा झालेले निदान व अर्ध्यावर सोडलेला उपचार ही त्याची मोठी कारणे होत.

आपण काय करावे?
पहिल्या आठवड्यात सारेच भेटावयास जातात. आपण दहाव्या महिन्यातही जावे. बापाची नोकरी टिकावी म्हणून मालकाशी बोलावे. दुकान असेल तर पाळीपाळीने उघडावे. भावंडांची फी व महिन्याचे धान्य कोणीतरी नेमाने पाहावे. रुग्णालयातील समाजसेवा विभागाशी गाठ घालून द्यावी. आणि "कोणाचे चुकले?" हा प्रश्न त्या घरात कधीही काढू नये. आईबापांच्या हातून घडलेल्या कशाने सहसा हा रोग होत नाही.

चर्चेसाठी प्रश्न
1. आपल्या मंडळीत रोजंदारीवर जगणारी घरे किती आहेत?
2. अशा एका घराची दोन वर्षांची जबाबदारी वाटून घ्यावयाची तर कोण काय करील? नावे व महिने लिहून काढा.