जोखीम, विमा आणि घरचा हिशेब

'विमा' हा शब्द उच्चारताच आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर प्राप्तिकरातील सवलत किंवा मुदतीअखेर हाती येणारी रक्कम उभी राहते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने आर्थिक नियोजनाचा अभ्यास करताना मला जाणवले ते असे की, विम्याचे मूळ प्रयोजन या दोहोंहून निराळे आहे. बचत ही पुढील गरजांची तरतूद होय; विमा ही कमावता माणूसच उरला नाही तर घर कसे चालेल, या प्रश्नाची तरतूद होय.

जोखमीला तोंड देण्याचे मार्ग चार : ती टाळणे, कमी करणे, स्वतः सोसणे आणि दुसऱ्यावर सोपवणे. विमा हा यांतील चौथा मार्ग. कोणता मार्ग केव्हा पत्करावा, हे दोन प्रश्नांवरून ठरते. नुकसान किती वेळा संभवते? आणि झालेच तर केवढे? सर्दी-पडशाचा खर्च वारंवार येतो, पण तो लहान असतो. तो घरच्या शिलकीतून सोसावा. कर्त्या माणसाचा अकाली मृत्यू क्वचित घडतो, पण तो घर मोडतो. अशा क्वचित आणि मोठ्या नुकसानीसाठीच विमा आहे. अनेकांनी थोडे थोडे द्यावे आणि ज्याच्यावर प्रसंग ओढवेल त्याच्या घराला त्यातून मिळावे, हे त्याचे साधे तत्त्व.

आता रकमेचा विचार करू. समजा, एका गृहस्थांचे मासिक वेतन ३०,००० रुपये आहे. त्यांचा स्वतःचा खर्च ६,००० रुपये वजा जाता पत्नी, दोन मुले व वृद्ध आई यांना २४,००० रुपये लागतात. मुले मिळवती होण्यास १५ वर्षे आहेत. व्याज आणि महागाई तूर्त बाजूस ठेवली, तर गरज ४३,२०,००० रुपयांची होते. त्यात घराचे ८ लाखांचे कर्ज मिळवा, शिल्लक ३ लाख वजा करा. उत्तर येते ४८,२०,०००. या गृहस्थांची बचतीसह असलेली पॉलिसी ५ लाखांची असेल, तर ती रक्कम एकवीस महिनेही पुरणार नाही! २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेचे २ लाखांचे संरक्षण गरीब कुटुंबाला मोठाच आधार आहे. तथापि या घराला ते जेमतेम आठ महिने पुरेल. म्हणूनच ज्यात मुदतीअखेर काही परत मिळत नाही, असा निव्वळ मुदतीचा विमा प्रथम पाहावा. त्यात बचतीचा भाग नसल्याने तेवढ्याच हप्त्यात कितीतरी अधिक संरक्षण मिळते. 'पैसे फुकट गेले' असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, आपण सुखरूप राहिलो हाच त्या हप्त्याचा मोबदला.

हा हिशेब करताना गृहिणीला वगळू नये. तिच्या पश्चात स्वयंपाक, मुलांची देखभाल आणि आजाऱ्यांची शुश्रूषा यांसाठी पैसे मोजावेच लागतात.

विमा हा विश्वासाचा करार आहे. प्रस्तावात आजार किंवा व्यसन लपविल्यास मागणी नाकारली जाऊ शकते, आणि तिचे फळ भोगावे लागते ते विधवेला व मुलांना. नामनिर्देशनही वेळोवेळी तपासावे. व्यापारात कर्ज असणाऱ्या विवाहित पुरुषाने १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पत्नी व मुलांच्या हितासाठी पॉलिसी घेतल्यास, ती रक्कम सावकारांच्या मागणीपासून सामान्यतः सुरक्षित राहते.

१९५६ साली २४५ विमा कंपन्या व सोसायट्यांचा कारभार एकत्र करून आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले, आणि १९९९ च्या कायद्यानंतर हे क्षेत्र पुन्हा खासगी कंपन्यांना खुले झाले. आज पर्याय पुष्कळ आहेत. पण घराला किती रकमेची गरज आहे, हा हिशेब विक्रेत्यावर न सोपवता आपणच केला पाहिजे. त्याला लागते ती शाळेतली बेरीज-वजाबाकी आणि घरात मृत्यूविषयी बोलण्याचे थोडे धैर्य. माझ्या विद्यार्थी मित्रांनी या सुट्टीत आपल्या घरचा हा हिशेब एकदा वडीलधाऱ्यांसमवेत अवश्य मांडावा.